मेखला, वाख आणि माळरान

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक मुंज झाली. बटु म्हणजे माझ्या धाकट्या पुतण्याचा मुलगा. वय वर्षें आठ, आणि स्वभाव मोठा चौकस. आदल्या दिवशीं साहित्याची यादी वाचून होत असतां त्यानें मला विचारलें, "आजोबा, लग्नाला लग्न म्हणतात, बारशाला बारसें म्हणतात; मग ह्याला मुंज कां म्हणतात?" पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलेल्या मनुष्याला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. मीं सांगितलें कीं, मुंज हें एका गवताचें नांव आहे. त्याच्या तंतूंची तिपेडी मेखला बटूच्या कमरेला बांधतात, म्हणून सबंध संस्कारालाच मौंजीबंधन हें नांव पडलें. "मग तें गवत दाखवा ना!" असें म्हणून तो पुढें सरसावला. बाजारांतून आलेली पुडी सोडली, तों आंतून चकचकीत पिवळी, यंत्रावर वळलेली नायलॉनची दोरी निघाली. निरांजनापाशीं धरतांच तिचें टोंक वितळून त्याचा काळा मणी झाला. ज्या संस्काराला एका वनस्पतीनें आपलें नांव दिलें, त्या संस्कारांतून ती वनस्पतीच निघून गेली होती. आणि आमच्यापैकीं कोणाच्याहि तें लक्षांत आलें नव्हतें.

ह्या लहानशा प्रसंगानें मला एका मोठ्या विषयाकडे वळविलें. रानांत वाढणारीं आणि तंतु देणारीं झाडें कशीं लावावीं, कशीं वाढवावीं आणि त्यांचा उपयोग कसा करावा, हा तो विषय होय. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांत त्याला किती महत्त्व आहे, हें मला ह्या वर्षीं प्रथमच नीट कळलें. जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

पूर्वजांची तंतुविद्या

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत मेखलेचा विचार आहे. ब्राह्मणाची मेखला मुंजेची, क्षत्रियाची मूर्वेच्या प्रत्यंचेची, आणि वैश्याची शणाच्या तंतूंची, असें तेथें सांगितलें आहे. शण म्हणजे आपला ताग. ह्यांतील वर्णभेदाचा भाग आज कोणी मानीत नाहीं आणि मानूंहि नये. परंतु त्यापुढचा श्लोक वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें मोठा मार्मिक आहे. मुंज न मिळाल्यास कुश, अश्मंतक किंवा बल्बज ह्यांची मेखला करावी, अशी त्यांत सवलत आहे. मुंज हें उत्तरेकडील नद्यांच्या कांठचें गवत. तें सर्वत्र मिळणार नाहीं, आणि ज्या देशांत जें उगवतें त्यावरच भागवावें लागेल, ही जाणीव त्या सवलतीमागें आहे. अश्मंतक म्हणजे, दसऱ्याला ज्याचीं पानें आपण सोनें म्हणून वांटतों, तोच आपटा, असें समजतात. वर्षांतून एकदां ज्याला ओरबाडण्यापलीकडे आपण ज्याची विचारपूस करीत नाहीं, त्या आपट्याच्या सालींत बळकट तंतु असतो, हें किती घरांत ठाऊक असेल?

वनस्पतींपासून तंतु मिळण्याचे मुख्य मार्ग तीन. कापूस व सांवर ह्यांत तो बियांभोंवतीं कापसासारखा असतो. ताग, अंबाडी, आपटा, धामण आणि मुरुडशेंग ह्यांत तो खोडाच्या अंतर्सालींत असतो. घायपात व केतकी ह्यांत तो पानांत असतो. ह्यांशिवाय पळसाच्या मुळ्या ठेंचूनहि खेड्यांतून दोर वळीत असत. सालींतील तंतु मोकळा करावयाचा तर कांड्या पाण्यांत कुजत घालाव्या लागतात. तेथें पाण्यांतील सूक्ष्म जंतु, तंतूंना एकमेकांशीं चिकटविणारा जो पेक्टिन नांवाचा पदार्थ, तो खाऊन टाकतात आणि तंतु सुटा होतो. दिवस कमी झाले तर साल सुटत नाहीं. अधिक झाले तर तंतूच कुजतो. नेमक्या वेळीं कांडी बाहेर काढणें ही विद्या अनुभवाची; ती पुस्तकांत पूर्णपणें उतरत नाहीं.

परदेशचा पाहुणा

आपल्या माळांवर आज सर्वांत अधिक दिसणारी तंतुवनस्पति मात्र मुळीं आपली नव्हे. घायपात हें अमेरिका खंडांतील मेक्सिकोकडचें झाड. शेतांच्या बांधांवर आणि आगगाडीच्या रुळांच्या दोहों अंगांना कुंपण म्हणून तें लाविलें गेलें आणि आतां तें येथलेंच झालें आहे. त्याच्या पानांतील पांढऱ्या तंतूला आपल्याकडे वाख म्हणतात.

ह्या जातींतील तंतूसाठीं प्रसिद्ध असलेलें झाड म्हणजे सिसल. मेक्सिकोंतील युकातान प्रांतांतील एका बंदराच्या नांवावरून त्याला हें नांव मिळालें. त्याच्या लागवडीची एक हकीकत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १८९३ सालीं हिंडोर्फ नांवाच्या एका जर्मन शास्त्रज्ञानें फ्लॉरिडाहून एक हजार रोपटीं मागविलीं. समुद्रप्रवासांत बहुतेक मेलीं आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोंचलीं तेव्हां अवघीं बासष्ट जिवंत होतीं. त्या बासष्टांच्या वंशविस्तारावर पुढें टांगानिकाचा, म्हणजे आजच्या टांझानियाचा, प्रचंड सिसल-उद्योग उभा राहिला. पुढें कृत्रिम धागा स्वस्त झाला आणि त्या उद्योगाला उतरती कळा लागली. झाडाचा वंश बासष्ट रोपांवरूनहि वाढवितां येतो. पण बाजार गेला म्हणजे लक्षावधि झाडें असूनहि कांहीं उपयोग नसतो. ह्या हकीकतीचे हे दोन्ही धडे पुढें आपल्या कामीं येतील.

घायपाताची लागवड करण्यास बीं लागत नाहीं. बुंध्याभोंवतीं फुटवे येतात, ते काढून लावावे. झाड आपल्या आयुष्यांत एकदांच फुलतें. पुष्कळ वर्षें वाढून झाल्यावर मधून एक उंच दांडा निघतो, आणि फुलें गळून गेलीं कीं त्याच दांड्यावर शेंकडों लहान लहान रोपटीं धरतात. तीं खालीं पडतात, रुजतात, आणि आई मरून जाते. हीं दांड्यावरचीं रोपटीं गोळा करून वर्षभर वाफ्यांत वाढविलीं, तर एकसारखीं व जोमदार झाडें मिळतात. आपल्या देशांत ह्या झाडाच्या अभ्यासासाठीं ओडिशांत बामरा येथें सरकारी संशोधन केंद्र आहे, आणि तेथें संकरित वाणहि तयार झाले आहेत.

ह्या झाडाची मोठी अडचण अशी कीं, शंभर किलो हिरव्या पानांतून वाळलेला वाख निघतो तो सरासरी तीन-चार किलोच. बाकी सारें पाणी व चोथा. म्हणून पानें दूरवर वाहून नेणें परवडत नाहीं. वाख काढण्याचें यंत्र माळापाशींच हवें. शिवाय पानांचा रस अंगाला लागला तर खाज सुटते व कातडीची आग होते. अशा ह्या कष्टाच्या कामावर आमच्या भागांतील मातंग समाजाच्या कित्येक पिढ्या जगल्या. कासरा, दावें, म्होरकी, नाडा, शिंकें, चऱ्हाट, सोल ह्यांपैकीं ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणें पीळ निराळा, जाडी निराळी. बेंदराच्या सणाला बैलांच्या अंगावर नवा साज चढे, तो ह्या मंडळींच्या बोटांतून उतरलेला असे. बदल्यांत त्यांना बलुतें मिळे, आणि मान मात्र मिळत नसे. ज्या वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं १९२० सालीं अण्णा भाऊ साठे जन्मले, त्याच मुलुखांतील ही गोष्ट.

फलटणचा धडा

सातारा जिल्ह्यांत पावसाचा प्रकार मोठा विलक्षण आहे. पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण-खटावांत पांचशेंच्या आसपास. सांगली जिल्ह्यांत आटपाडी व जत ह्यांची तीच कथा. अशा कोरड्या मुलुखांत काय पिकवावें ह्या प्रश्नाला ज्यांनीं आयुष्य वाहिलें, त्यांत बनबिहारी निंबकर ह्यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांनीं १९६८ सालीं फलटण येथें निंबकर कृषि संशोधन संस्था स्थापन केली. करडईच्या कांट्यांमुळें तिची कापणी मजुरांना नकोशी होते, म्हणून तेथें बिनकांट्यांचे वाण व संकर तयार झाले. गोड ज्वारीचे वाण झाले. उसाचें पाचट व पालापाचोळा ह्यांपासून जळाऊ वायु करण्याचे प्रयोग झाले. आणि बंगालच्या सुंदरबनांतील गरोळ मेंढीच्या संकरांतून जुळीं कोंकरें देणारी दख्खनी मेंढी तयार झाली. हीं सर्व कामें दोन-चार वर्षांचीं नव्हेत. एकेका कामाला दहा-दहा, वीस-वीस वर्षें लागलीं. संशोधनाचा वेग झाडाच्या वेगाहून अधिक असूं शकत नाहीं, हा फलटणचा पहिला धडा.

दुसरा धडा सुबाभळीचा. पुणें जिल्ह्यांतील उरुळीकांचनच्या बाएफ ह्या संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत हवाई बेटांतील उंच वाढणारे वाण आणून ह्या झाडाचा महाराष्ट्रांत प्रसार केला. चारा, जळण आणि जमिनीचा कस हीं तिन्ही एका झाडांत! लोक अक्षरशः भारावून गेले. पुढें अनुभव आला. पाल्यांत मिमोसीन नांवाचें विषारी द्रव्य असल्यानें नुसत्या सुबाभळीवर जनावर पोसतां येत नाहीं. शेंगा फुटून बीं चोहोंकडे उधळतें आणि नको तेथें रान माजतें. १९८८ च्या सुमारास एक अगदीं बारीक रसशोषक कीड देशांत आली आणि तिनें पुष्कळ ठिकाणीं झाडांचे शेंडे वाळविले. म्हणून सुबाभूळ वाईट ठरत नाहीं. परंतु सबंध माळ एकाच झाडाच्या स्वाधीन करणें वाईट, हें मात्र ठरतें.

बीं पेरणें म्हणजे झाड लावणें नव्हे

आतां माझी एक फजीति सांगतों. वीस-एक वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत होतों, तेथें टेंकडीवर झाडें लावण्याचा उपक्रम निघाला. मीं उत्साहानें आदल्या वर्षींच्या लिंबोळ्यांची पिशवी आणि बाभळीचें कोरडें बीं मुलांकडून पेरविलें. लिंबोळीचा एकहि कोंब आला नाहीं. बाभळी उगवल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुलें तोंड दाबून हंसत होतीं. शेवटीं टेंकडीवर शेळ्या चारणाऱ्या एका धनगरानें मला शहाणें केलें. तो म्हणाला, "मास्तर, बाभळीचं बी शेळीच्या पोटातनं आल्याबिगार उगवत न्हाई. आमच्या वाड्यातलं लेंडीखत टाका, मग बघा."

त्याचें बोलणें शास्त्राला धरून होतें. बाभूळ, सुबाभूळ इत्यादिकांच्या बियांचें कवच इतकें कठीण असतें कीं, त्यांतून पाणी शिरत नाहीं. शेळीच्या पोटांतील आम्लानें तें मऊ होतें. शेळी नसेल तर बियांवर कढत पाणी ओतून तें रात्रभर निवूं द्यावें. काम तेंच होतें. लिंबोळीचें उलट आहे. तिची उगवणशक्ति कांहीं आठवड्यांतच जाते, म्हणून ती ताजीच पेरली पाहिजे. सागाचें फळ आळीपाळीनें भिजवून व वाळवून मगच पेरतात. आणि वर्षाच्या रोपाचें मूळ व बोटभर खोड ठेवून बाकीचें छाटून लाविलें तरी तें जोमानें फुटतें. चंदनाची तर आणखीच तऱ्हा. तें आपल्या मुळांनीं शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न घेतें, म्हणून त्याच्या जवळ तुरीसारखी सोबतीण लावावी लागते. एकटें लाविलेलें चंदन खुरटतें.

बांबूला तर बींच क्वचित् मिळतें, कारण तो कित्येक दशकांनीं एकदां फुलतो आणि फुलून मरतो. म्हणून कंदापासून, कांड्यांच्या तुकड्यांपासून किंवा प्रयोगशाळेंत पेशींपासून त्याचीं रोपें करतात. बांबू वस्तुतः गवत. परंतु कायद्यानें तो झाड गणला जात असे, आणि आपल्या शेतांतला बांबू तोडून नेण्यासहि परवाना लागे. २०१७ सालीं वन-कायद्यांत दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येंतून सुटला. एका शब्दाच्या व्याख्येमुळें लागवड कशी अडते व कशी वाढते, हें व्याकरण शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला विशेष जाणवलें.

उजाड माळावर रान उभें राहतें काय, अशी शंका ज्यांना येईल त्यांनीं सांगली जिल्ह्यांतील सागरेश्वर पाहून यावें. जुन्या देवालयांभोंवतींच्या ह्या उघड्या डोंगरांवर स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते ह्यांनीं ध्यास घेऊन झाडी वाढविली, आणि १९८५ सालीं तेथें अभयारण्य झालें. क्षेत्र अवघें अकरा चौरस किलोमीटरांच्या आंत. परंतु तें माणसांच्या हातांनीं उभें राहिलें आहे. आज तेथें सांबर, चितळ व काळवीट हिंडतात.

घरचा प्रश्न

हें सर्व मी इतक्या तळमळीनें लिहितों, त्याला घरचेंहि एक कारण आहे. माण तालुक्यांत आमचा वडिलोपार्जित अकरा एकर माळ आहे. कालव्याचें पाणी खालच्या शेतांपर्यंत आलें. आमचा माळ उंचावर, म्हणून कोरडाच राहिला. एक पुतण्या पुण्यास, दुसरा परदेशीं. खडी काढणाऱ्या एका गृहस्थानें जमिनीला चांगली किंमत देऊं केली होती. मुंजीसाठीं सर्व मंडळी जमलीं असतां त्या रात्रीं हाच विषय निघाला. पुतण्यांचें म्हणणें सयुक्तिक होतें. "काका, तुम्हीं झाडें लावाल, पण तीं राखील कोण? आणि वाख काढाल, तर तो घेईल कोण?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ पुरतें उत्तर नव्हतें, आणि अजूनहि नाहीं. टांझानियाची हकीकत मी विसरलों नव्हतों. थोरल्या वहिनी शेवटपर्यंत कांहीं बोलल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं पहांटे मी माळाखालच्या वस्तीवर गेलों. तेथें एक वृद्ध मातंग गृहस्थ राहतात. वाखाचे दोर वळणारे आतां त्या गांवांत ते एकटेच. मुलगा शहरांत चौकीदारी करतो. मीं आपट्याच्या सालीची मेखला होईल काय, असें विचारलें. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग बांधावरच्या आपट्याची एक बाजूची फांदी तेवढी त्यांनीं उतरविली. बुंध्याला हात लाविला नाहीं. "बुंध्याची साल सोलली का झाड मेलं, गुरुजी," ते म्हणाले. साल सोलून, ठेंचून, भिजवून त्यांनीं मांडीवर तीन पेड वळले. वळतां वळतां ते बोलत होते : "नायलान सस्तं हाय, टिकतंय बी. पर जनावराच्या मानंला काचतंय. आन् घायपाताची खालचीच पानं कापायची. वरची राखली तर झाड वरीसभर देत ऱ्हातंय." दुपारपर्यंत मेखला तयार झाली. पैसे घेतांना ते म्हणाले, "माज्या हातचं पोराच्या कमरंला चालंल न्हवं?"

घरीं एका नातलगानें तोच प्रश्न निराळ्या सुरांत विचारला. मीं मनूचा श्लोक काढून दाखविला. मेखला कशाची असावी हें त्यानें सांगितलें आहे; वळणाऱ्याच्या हातांविषयीं त्या श्लोकांत एक अक्षरहि नाहीं. तरीहि कुरकुर चालूच राहिली, तेव्हां वहिनी माजघरांतून बाहेर आल्या. "भावजी, शास्त्राला चालतें ना?" त्यांनीं विचारलें. मीं होय म्हटलें. "मग द्या इकडे." त्यांनीं स्वतःच्या हातांनीं ती मेखला तबकांत ठेविली, आणि म्हणाल्या, "ज्या माळावर हें झाड उभें आहे, तो तीन वर्षें कोणी विकायचा नाहीं. तिसऱ्या वर्षीं पुन्हां बसूं."

आषाढांत आम्हीं माळाच्या कडेनें घायपाताचीं चारशें दहा रोपटीं लाविलीं. आंतल्या बाजूस बाभूळ, ताज्या लिंबोळ्या, आपटा आणि पाणलोटाच्या घळींत बांबू. कोठें लावावें हें त्या वृद्ध गृहस्थांनीं दाखविलें. त्याबद्दल त्यांना रोजमुरा ठरविला आहे, आणि वाख निघूं लागल्यावर अर्धा वांटा त्यांचा, असें लिहून दिलें आहे. दिवाळींत मोजणी केली तेव्हां घायपाताचीं तीनशें बावन्न रोपें जगलेलीं आढळलीं. ह्यांतून द्रव्य मिळेल असें मी म्हणत नाहीं. वाख काढण्याचें यंत्र दहा-पांच शेतकऱ्यांनीं मिळून घ्यावें लागेल, आणि गिऱ्हाईक आधीं शोधावें लागेल. तिसऱ्या वर्षीं पुतण्यांचें पारडें जड ठरणेंहि शक्य आहे.

परंतु वाचकहो, आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं असा एखादा विसरलेला माळ असेल, आणि त्याच्या पायथ्याशीं झाडांची भाषा जाणणारा एखादा वृद्धहि असेल. प्रयोगशाळा नवे वाण देतील. पण साल केव्हां सोलावी आणि कोठें थांबावें, हें ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे, तीं माणसें आतां फार दिवस भेटणार नाहींत. माळ विकावयाचा कीं राखावयाचा, हें प्रत्येक घरानें आपलें आपण ठरवावें. ठरविण्यापूर्वीं एकदां त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसावें, एवढीच विनंति.

आमच्या बटूनें सोडमुंजीनंतर ती मेखला आपल्या दप्तरांत ठेविली आहे. येत्या दसऱ्याला आपट्याचीं पानें तोडावयाचीं नाहींत, बीं गोळा करावयाचें, असें त्यानें आपल्या वर्गांत जाहीर केलें असल्याचें समजतें.